बंद घरातला बल्ब

२००७ च्या दिवाळीनंतरच्या आठवड्यात जयपूरच्या मानसरोवर वसाहतीत रामावतार शर्मा यांच्या बंद घरात चोरी झाली. शर्मा कुटुंब हरिद्वारला गेले होते. जाताना त्यांनी व्हरांड्यातला बल्ब चालू ठेवला होता. चोरीच्या आदल्या संध्याकाळी शेजारी राहणारे निवृत्त सुभेदार विठ्ठल शेडगे यांनी घरातून स्टूल आणले, तो बल्ब काढला, वर्तमानपत्रात गुंडाळला आणि आपल्या घरी नेऊन ठेवला. गल्लीतल्या दोघांनी त्यांना हे करताना पाहिले होते. पोलिसांनी विचारताच शेडग्यांनी कबूल केले. का काढला, ते सांगितले नाही.

मी त्या वेळी जयपूरमधल्या एका हिंदी दैनिकात उपसंपादक होते. वडील रेल्वेत, भुसावळहून बदली होऊन आलेले, आणि निवृत्तीनंतर इथेच राहिलेले. शेडग्यांचे घर आमच्या समोर. गल्लीत मराठी घरे ही दोनच, त्यामुळे त्या घरातल्या गोष्टी आमच्याकडे येत, आमच्या त्यांच्याकडे जात. पुढे जे लिहिले आहे ते मी पाहिलेले किंवा त्यांच्या तोंडून ऐकलेले आहे. ज्या देशात शेडगे शांतिसेनेबरोबर गेले होते त्याचे नाव छापू नये, असे त्यांचे म्हणणे होते. ते पाळले आहे.

शेडगे सातारा जिल्ह्यातल्या माण तालुक्यातले. पायदळात आयुष्य गेले. शेवटची नेमणूक जयपूरच्या छावणीत होती आणि मुलगी वैशाली इथल्या कॉलेजात शिकत होती, म्हणून पेन्शन सुरू झाल्यावर त्यांनी मानसरोवरात भाड्याने घर घेतले. सांगानेरच्या एका कागद कारखान्यात ते पहारेकऱ्यांचे प्रमुख म्हणून काम करत. सकाळी बसने जात, संध्याकाळी बसने येत. उंची बेताची, चाल भरभर, आवाज अंगापेक्षा मोठा. चहा बशीत ओतून पीत आणि बशी स्वतः विसळून ठेवत. गल्लीतल्या कुणाच्या स्कूटरला किक बसत नसेल तर न बोलावता जात. गाडी सुरू झाली की धन्यवाद ऐकायला थांबत नसत.

त्यांची एक सवय सगळ्या गल्लीला माहीत होती. मराठी माणूस घरातून निघताना "येतो" म्हणतो. "जातो" म्हणणे अशुभ. शेडगे "जातो" म्हणत. सुमनकाकू, त्यांच्या पत्नी, रोज सकाळी ते ऐकून कपाळाला हात लावत.

"अवं, येतो म्हना की! तोंडाला काय कुलूप हाय का?"

"येनार का न्हाई ते मला ठावं न्हाई. मग कशाला म्हनू?"

"बसनं सांगानेरला तर चाललाय! सांगानेरास्नं मान्सं येत न्हाईत व्हय माघारी?"

"आलो की आलो म्हनीन."

आणि ते खरेच म्हणत. संध्याकाळी फाटकातून आत येताना मोठ्याने, समोरच्या घरालाही ऐकू जाईल असे, "आलो."

दुसरी सवय याहून विचित्र होती. तिघेही बाहेर जाणार असले, लग्नाला किंवा दोन दिवस कुठे गावाला, तर शेडगे घराला कुलूप लावून आजूबाजूच्या चार दारांवर जात आणि सांगत, "हम जा रहे हैं. घर में कोई नहीं है." त्याआधी घरातला प्रत्येक दिवा बंद झाल्याची खात्री ते करून घेत, व्हरांड्यातलासुद्धा. आमच्या भागात लोक याच्या बरोबर उलट वागतात. बाहेर जाताना एक बल्ब चालू ठेवतात, काही जण रेडिओही, म्हणजे चोराला वाटावे घरात माणूस आहे. शेडगे मात्र घर रिकामे असल्याची दवंडी पिटत. वैशालीला लाज वाटे. ती उत्तरेतल्या छावण्यांत वाढलेली, तिची मराठी अर्धी हिंदी.

"पप्पा, मतलब, तुम्ही चोरांना पत्ता पण देऊन या ना. चाबी कुठे ठेवली ते पण सांगा."

"चोर आला तर काय नेईल?"

"टीव्ही नेईल!"

"नेऊ दे. टीव्ही परत घेता येतो."

या उत्तरातला दुसरा अर्धा भाग ते बोलत नसत. तो असल्याचे आम्हाला तेव्हा ठाऊक नव्हते.

त्या देशाविषयी ते आपणहून बोलत नसत, पण नेमके विचारले तर सांगत. एकदा आमच्या टेबलावर वृत्तसंस्थेची चार ओळींची बातमी आली. तिकडच्या एका गावातून सरकारी सैन्य मागे हटले होते आणि गाव बंडखोरांच्या ताब्यात गेले होते. नाव ओळखीचे वाटले, कारण त्यांच्या तोंडून मी ते ऐकले होते. मी त्यांच्या घरी फोन केला.

"काका, हे गाव आता नक्की कुणाच्या ताब्यात आहे म्हणायचं?"

"बातमी कवाची?"

"सकाळची."

"मग आता न्हाई सांगता यायचं."

सुट्टीच्या दिवशी त्यांनी ते समजावून सांगितले. त्या भागात तीन हत्यारबंद गट होते. एक डोंगरातला. दुसरे सरकारी सैन्य, ज्याला पगार वेळेवर मिळत नसे आणि जे म्हणून गावावरच जगे. तिसरा गावातल्याच पोरांचा, दोन्हींपासून राखण करतो म्हणून उभा राहिलेला आणि पुढे त्यांच्यासारखाच झालेला. रस्त्यावर गावाच्या तोंडाशी एक दोरी आडवी बांधलेली असे. जाणारायेणारा तिथे थांबायचा, काहीतरी द्यायचा, मग दोरी खाली व्हायची.

"दोरी तीच," शेडगे म्हणाले. "धरनारा बदलतो. सकाळी डोंगरवाला, दुपारी सरकारी, परवा पोरं. केळी विकनारी बाई रोज तिथनं जायची. ती वर तोंड करून बघतबी नसं, कोन हाय ते. चार केळी ठिवायची, पुढं जायची. नकाशावर आमचे साहेब रंग लावायचे. लाल, हिरवा, निळा. रंग वाळायच्या आत गाव पलटायचं."

"मग बातमीत काय लिहायचं?"

"कब्जा लिवू नका. दोरीपाशी आज कोन उभा हाय तेवढं लिवा."

बातमी तोवर छापून गेली होती. शीर्षकात कब्जाच होता.

केळी विकणाऱ्या बाईचा उल्लेख त्यांच्या बोलण्यात दोन-तीनदा आला. तिथे मोठ्या वयाच्या प्रत्येक बाईला 'मामा' म्हणतात आणि आमच्या मराठी जवानांना त्याचे फार हसू येई. "आमची पोरं म्हनायची, सुभेदारसाहेब, मामा आली, भाच्याला केळी घ्या." शेडगे रोज संध्याकाळी तिच्याकडून केळ्यांचा घड घेत. तिथल्या भाषेतला 'केशो' हा एक शब्द ते शिकले होते. केशो म्हणजे उद्या. घड घेतला की ते "केशो" म्हणत, तीही "केशो" म्हणे, आणि व्यवहार संपे. ही गोष्ट सांगताना ते हसले होते. मी त्यांना पोट धरून हसताना पाहिले ते तेवढ्याच वेळी.

चोरीच्या आधी त्याच वर्षी २६ जानेवारीला वसाहतीच्या बागेत झेंडावंदन झाले. वसाहत समितीचे सचिव रामावतार शर्मा होते. सचिवालयात नोकरी, सगळ्यांची कामे करणारा माणूस, बोलण्याची हौस मोठी. त्यांनी ठरवले की या वर्षी आपल्या गल्लीतल्या सुभेदारांचा सत्कार करायचा. शेडग्यांना न सांगता त्यांनी वैशालीकडून त्यांना शांतिसेनेत मिळालेले प्रशस्तिपत्र मागून घेतले. ते ट्रंकेत, कपड्यांच्या खाली होते. वैशालीने आनंदाने काढून दिले.

शर्मांनी शाल घातली, नारळ दिला आणि प्रशस्तिपत्राचा हिंदी अनुवाद माइकवर वाचला. तीन बाजूंनी शत्रुत्व करणारे गट असताना सुभेदारांच्या चातुर्याने पूर्ण तुकडी "एक भी जवान खोए बिना, एक भी गोली चलाए बिना" सुरक्षित बाहेर पडली, असे त्यात होते. टाळ्या सुरू झाल्या. शेडगे खुर्चीवरून उठले. शालीची घडी घातली, खुर्चीवर ठेवली, तिच्यावर नारळ ठेवला आणि बागेच्या फाटकातून बाहेर गेले. शर्मांच्या लक्षात यायला वेळ लागला. माइकवरून ते अजून "ऐसे वीर हमारे बीच" म्हणत होते.

मागच्या रांगेतून कुणीतरी म्हणाले, "बड़ा घमंड है फौजी को."

त्या दिवसापासून शर्मा त्यांच्याशी कामापुरतेच बोलत. शेडगे पूर्वीइतकेच बोलत, म्हणजे थोडे. शालीबद्दल त्यांनी माफी मागितली नाही आणि कारणही दिले नाही. वैशाली दोन दिवस जेवली नाही. तिला वाटले, तिने कागद काढून दिला म्हणून वडील रागावले. सुमनकाकूंनी मला सांगितले, ते रागावले नव्हते. घरी येऊन त्यांनी प्रशस्तिपत्र पुन्हा ट्रंकेत ठेवले, पालथे.

दिवाळीनंतर शर्मा कुटुंब हरिद्वारला निघाले तेव्हा शेडगे फाटकापाशी उभे होते. त्यांनी विचारले, "घर में कोई रहेगा?"

शर्मा हसले. "बत्ती रहेगी, भाईसाहब."

बल्ब रात्रंदिवस चालू होता. दिवसा उन्हात तो जळताना दिसत नसे, संध्याकाळ झाली की व्हरांडा उजळे. सुमनकाकू म्हणाल्या की त्या दिवसांत हे जेवताना ताट घेऊन आतल्या खोलीत बसत, जिथून शर्मांचा व्हरांडा दिसत नाही.

मग चोरीच्या आदल्या दिवशी दुपारी जयपूरजवळच्या चौमू गावाहून एक म्हातारी बाई आली. डोक्यावर गाठोडे. तिने शर्मांची घंटी वाजवली. कुणी आले नाही. तिने व्हरांड्यात पाहिले आणि पायरीवर बसली. शेडगे संध्याकाळी कामावरून आले तेव्हा ती तिथेच होती. त्यांनी विचारले, कोण पाहिजे. ती शर्मांची आत्या होती, भाच्याला भेटायला आली होती.

"घर में कोई नहीं है, माताजी. हरिद्वार गए हैं."

"ना," ती म्हणाली. "बत्ती तो जल रही है."

शेडग्यांनी तिला पाणी दिले, सुमनकाकूंनी चार घास जेवू घातले. मग शेडगे तिला घेऊन बसस्टँडवर गेले आणि चौमूच्या गाडीत बसवून परत आले. आल्यावर ते "आलो" म्हणाले नाहीत. आत गेले, स्टूल घेऊन बाहेर आले आणि शर्मांच्या फाटकाची कडी काढली. मी रात्रपाळीला निघाले होते. बल्ब काढताना त्यांना पाहणाऱ्या दोघांपैकी एक मी होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी दूधवाल्याला शर्मांचे दार उघडे दिसले. टीव्ही, चांदीची पूजेची भांडी आणि शर्मांच्या मुलीच्या लग्नासाठी घेऊन ठेवलेल्या साड्या गेल्या होत्या. शर्मा परतले. शेडगे तो बल्ब, वर्तमानपत्रात गुंडाळलेला, घेऊन त्यांच्याकडे गेले आणि म्हणाले, "ये मैंने निकाला था." शर्मांनी तो हातात घेतला नाही. त्यांना एकच अर्थ दिसला. २६ जानेवारीचा हिशेब.

तक्रारीत शेडग्यांचे नाव आले. ठाण्यात त्यांना सकाळपासून दुपारपर्यंत बाकावर बसवून ठेवले. ठाणेदाराने पुन्हापुन्हा एकच विचारले, "क्यों निकाला?" आणि त्यांनी प्रत्येक वेळी एकच उत्तर दिले, "मेरी गलती है." म्हाताऱ्या आत्याचा त्यांनी उल्लेखही केला नाही. त्याच दिवशी सांगानेरच्या कारखान्यातून निरोप आला. मालकाचे म्हणणे सरळ होते: पहारेकऱ्यांचा प्रमुख आणि चोरीच्या तक्रारीत नाव, हे चालणार नाही. प्रकरण मिटले तर या, नाही तर येऊ नका. वैशालीचे कॉलेजचे दुसरे वर्ष होते. गल्लीत ती मान खाली घालून जाऊ लागली.

सुमनकाकू आमच्याकडे आल्या. "तू सांग त्यांला, पोरी. कायतरी कारन असंल का न्हाई? बोलत का न्हाईत? मला बी सांगत न्हाईत."

मी गेले. शेडगे व्हरांड्यात बुटांना पॉलिश करत होते, कामावर जायचे नसताना.

"काका, एक वाक्य सांगितलंत तरी पुरे. ती आत्या आली होती, एवढं तरी."

"सांगून?"

"तक्रार मागे घेतील. नोकरी राहील."

त्यांनी बूट खाली ठेवला. "नोकरी वाचवायला त्या मान्सांची नावं घेऊ व्हय?"

कोणती माणसे, ते मला समजले नाही. त्यांनी पुन्हा बूट उचलला.

त्याच आठवड्यात शर्मांना चौमूहून फोन आला. आत्याने भाच्याला रागे भरण्यासाठीच केला होता: मी आले, दिवा चालू, तुम्ही नाही, आणि एका परक्या माणसाने मला बसमध्ये बसवले. रविवारी सकाळी शर्मा शेडग्यांच्या दारात आले. हिंदी-मराठीची अडचण होऊ नये म्हणून सुमनकाकूंनी मला हाक मारली. शर्मा खुर्चीत बसले, शेडगे समोर पलंगावर. सुमनकाकूंनी चहा आणला. वैशाली स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली.

शर्मांच्या आवाजात राग कमी आणि गोंधळ जास्त होता. "भाईसाहब, आपने बुआजी को खाना खिलाया, बस में बिठाया. फिर बत्ती क्यों निकाल ली? हमने तो इसीलिए छोड़ी थी कि लोग समझें घर में कोई है."

"वही," शेडगे म्हणाले. "लोग समझते हैं." पुढचे हिंदी त्यांना सापडले नाही. नोकरीभर हिंदी बोललेला माणूस माझ्याकडे वळला. "ताई, तुम्ही सांगा यास्नी. माज्यानं हिंदीत न्हाई व्हनार."

ते एक वाक्य बोलत, थांबत, मी ते हिंदीत सांगे, मग पुढचे वाक्य येई.

"आमची पोस्ट टेकडीवर व्हती. खाली गाव. गावात लाईट न्हाई. आमचा जनरेटर व्हता, बांबूवर एक बल्ब बांधला व्हता. सांज झाली की आमी बल्ब लावायचो. बल्ब लागला की गाव वर यायचं. चटया, पोरं, कोंबड्या सुदीक. तारंच्या कडंला झोपायचं. खाली कोन कवा येईल नेम नव्हता. आमी हाय, म्हनून झोपायचं. सकाळ झाली की खाली."

"एक दिवस हुकूम आला. रस्ता तुटनार, पोस्ट सोडा, मोठ्या कॅम्पला या. कुनाला कळू द्यायचं न्हाई. कळलं तर तिन्ही टोळ्या वाटंत धरतील. माजी चाळीस पोरं. साहेबांनी इचारलं, सुभेदार, कसं निघायचं? मी म्हनलो, बल्ब चालू ठिवून."

मी हे सांगितले. शर्मांनी कप बशीवर ठेवला.

"जुनी चाल हाय. पोस्ट सोडताना दिवा ठिवायचा. समोरच्याला वाटतं, मान्सं हायत. जनरेटरमदी डिजेल मी भरलं. काठोकाठ भरलं. दिवस असतानाच बल्ब लावला आन् मागच्या उतारानं निघालो. निघायच्या आदी ती केळीवाली आली व्हती. केळी घेतली. केशो म्हनलो."

ते थांबले. केशोचा अर्थ मला माहीत होता. मी शर्मांना सांगितला.

"टोळ्या फसल्या. एक गोळी न्हाई. पोरं सगळी पोचली."

शर्मा हळूच म्हणाले, "ये वही प्रशस्ति-पत्र..."

"व्हय. तेच." मग पुढचे वाक्य त्यांनी आधीच्या सगळ्या वाक्यांसारखेच म्हटले. "गाव बी फसलं. त्यांनी खालनं बल्ब बघितला. चटया घेतल्या, वर आले."

मी भाषांतर केले. स्वयंपाकघराच्या दारातून वैशाली आत गेली.

"सकाळी डोंगरवाले वर गेले."

किती, हे मी विचारले नाही. पेशाने मी हाच प्रश्न पहिल्यांदा विचारते.

"काय दिवसांनी केळीवाली कॅम्पच्या गेटवर आली. चालत. काखंत चटई. पोरं व्हती तिला दोन, ती संगं नव्हती. मला बघून थांबली. दुभाष्या बोलावला. मला वाटलं शिव्या देईल. शिव्या न्हाई दिल्या. इचारलं फकस्त. म्हनली, बल्ब लागला व्हता. मग तुमी कुटं व्हता?"

तिची भाषा, दुभाष्याची मोडकी इंग्रजी, शेडग्यांची मराठी आणि माझी हिंदी, एवढा प्रवास करून ते वाक्य शर्मांपर्यंत पोहोचले. त्यात काही बदल झाला असेल असे मला वाटत नाही.

सुमनकाकू पदराने डोळे पुसत नव्हत्या, नुसत्या नवऱ्याकडे पाहत होत्या. इतक्या वर्षांत त्याही हे पहिल्यांदा ऐकत होत्या.

शर्मा म्हणाले, "मैंने वो काग़ज़ माइक पर पढ़ा था."

शेडगे म्हणाले, "ताई, त्यास्नी सांगा, तक्रार मागं घ्यावी म्हनून हे न्हाई सांगितलं. इचारलं म्हनून सांगितलं. चोरी माज्यामुळं झाली ती झालीच."

शर्मा उठले. चहा तसाच होता. दारात त्यांनी हात जोडले, पण वर पाहिले नाही.

दुसऱ्या दिवशी शर्मा ठाण्यात गेले आणि जबाब बदलला. व्हरांड्यातला बल्ब आधीच फ्यूज झाला होता, शेजाऱ्यांनी तो काढला त्याने काही फरक पडला नाही, असे त्यांनी लिहून दिले. मोठ्या मनाने केले, असे गल्ली म्हणाली. सांगानेरच्या मालकाचाही निरोप आला, सोमवारपासून या.

शेडग्यांना हे वैशालीकडून कळले. ते तसेच उठून ठाण्यात गेले. मी त्यांच्याबरोबर होते, कारण सुमनकाकूंनी पाठवले. ठाणेदार फाइल बंद करून बसला होता.

"साब, बल्ब फ्यूज नहीं था. अच्छा था. मैंने निकाला."

ठाणेदाराने आधी त्यांच्याकडे, मग माझ्याकडे पाहिले. "सूबेदार साब, छूट रहे हो तो छूट जाओ. क्यों मेरा काग़ज़ ख़राब करते हो?"

"काग़ज़ में ग़लत लिखा है."

"तो? काग़ज़ में सब सही लिखा होता है क्या?"

शेडग्यांनी पिशवीतून वर्तमानपत्राची पुडी काढली आणि टेबलावर ठेवली. शर्मांनी न घेतलेला बल्ब. "लगा के देख लो." हवालदार हसला. ठाणेदार हसला नाही. त्याने पुडी उचलून शेडग्यांच्या हातात दिली आणि म्हणाला, "घर जाओ." नोंद बदलली गेली नाही. परत येताना शेडगे बसमध्ये एकच वाक्य बोलले. "दुसऱ्यांदा चांगलं लिवलं माज्याबद्दल."

सोमवारी ते सांगानेरला गेले, पण राजीनामा द्यायला. मालकाला त्यांनी सांगितले की गेटवर गणवेश घालून नुसते उभे राहायचे, म्हणजे लोकांना वाटते राखण आहे. हे काम आता त्यांच्याने होणार नाही. मालकाला ते समजले नाही. सुमनकाकूंनाही नाही, निदान त्यांनी तसे दाखवले.

"पेन्शनीत भागंल," त्या म्हणाल्या. "पर मानूस घरात बसून काय करनार? दिवे मोजनार?"

"मोजतो की."

"हां, मोजा. विझलेले बी मोजा."

त्यावर ते किंचित हसले.

शर्मा त्यानंतर त्यांच्या घरी कधी आले नाहीत. समोरासमोर आले तर बाजूने जात. दोघेही एकमेकांना वाट देत, त्यामुळे गल्लीच्या तोंडाशी कधीकधी दोघेही थांबून राहत. शर्मांच्या मुलीच्या लग्नाची पत्रिका मात्र शर्मीणबाई स्वतः घेऊन आल्या. शेडगे मांडवात मागच्या खुर्चीवर बसले, जेवले आणि निघताना यजमानांना सांगून निघाले. पुढच्या उन्हाळ्यात शर्मा कुटुंब पुन्हा बाहेरगावी गेले तेव्हा त्यांच्या व्हरांड्यात अंधार होता. चोरी झाली नाही.

२००९ मध्ये वैशालीचे शिक्षण संपले आणि शेडग्यांनी जयपूर सोडायचे ठरवले. सामान आदल्या दिवशी ट्रकने गेले. निघायच्या सकाळी रिक्षा दारात उभी असताना ते चारही दारांवर गेले. प्रत्येक ठिकाणी तेच सांगितले: "हम जा रहे हैं. अब घर में कोई नहीं है."

शर्मांनी दार उघडले. "फिर आइएगा," ते म्हणाले.

शेडगे हो म्हणाले नाहीत. त्यांनी शर्मांचा हात हातात घेतला आणि सोडला.

शेवटी ते आमच्याकडे आले. सुमनकाकू रिक्षात बसल्या होत्या. तिथूनच त्यांनी हात हलवला. "येते हां पोरी. माणला ये एकदा. काय न्हाई तिथं, पर ये."

"या काका," मी म्हणाले.

"जातो," ते म्हणाले.

रिक्षाकडे जाता जाता ते परत फिरले. आमच्याकडून स्टूल मागून घेतले, कारण त्यांचे ट्रकमध्ये गेले होते. आपल्या व्हरांड्यातला बल्ब त्यांनी काढला, शर्टाच्या टोकाने पुसला, आमच्या दारातले कालचे वर्तमानपत्र मागून त्यात गुंडाळला आणि आतल्या खिडकीत ठेवला. कुलूप लावले. किल्ली घरमालकासाठी माझ्याकडे दिली. स्टूल परत आणून ठेवले.

महिनाभर ते घर बंद होते. मग नवे भाडेकरू आले, बिकानेरचे कुटुंब. मी त्यांना किल्ली दिली. खिडकीतली पुडी त्यांना पहिल्याच दिवशी सापडली. संध्याकाळी त्यांनी तो बल्ब व्हरांड्यात लावला. लागला.